मराठीतील अदमासवाचक संख्याप्रयोग : अर्थमर्यादा, अनुवाद आणि नोंद

मराठीच्या प्रचलित व्याकरणपुस्तकांत संख्याविशेषणांचे पाच प्रकार सांगितले जातात : गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक आणि अनिश्चित. ‘पाच’, ‘पाचवा’, ‘पाचपट’, ‘पाच-पाच’ आणि ‘काही’ ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ या पुस्तकामुळे ही विभागणी शाळा-महाविद्यालयांत सर्वपरिचित झाली आहे. ‘पाचएक’, ‘पाच-सहा’, ‘पाच-पंचवीस’ आणि ‘पाच-पन्नास’ हे रोजच्या बोलण्यातील प्रयोग मात्र या पाचांपैकी कोणत्या घरात बसतात, याचे उत्तर या विभागणीतून मिळत नाही.

त्यांना अनिश्चित म्हणावे, तर अडचण येते. ‘काही माणसे आली’ असे म्हणणाऱ्याने वरची मर्यादा सांगितलेली नसते. तीन माणसे आली काय आणि तीस आली काय, त्याचे विधान खोटे ठरत नाही. ‘पाच-सहा माणसे आली’ असे म्हणणाऱ्याने मात्र स्वतःला बांधून घेतलेले असते. प्रत्यक्षात पंधरा माणसे आलेली असतील, तर त्याचे विधान चूक ठरते. गणनावाचक म्हणावे, तर दुसरी अडचण उभी राहते. ‘पाच माणसे आली’ हे विधान सातवा माणूस दिसताच कोसळते. ‘पाच-सहा’ हे विधान सातव्या माणसाला सामावून घेते. म्हणजे या प्रयोगांना सत्यासत्यतेची कसोटी लागू आहे, पण तिच्या कडा सैल आहेत. मध्यम स्वरूपाच्या या प्रयोगांचा ‘अदमासवाचक’ असा स्वतंत्र वर्ग मानावा, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे व्यावहारिक रूप

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा असता, तर त्याचे महत्त्व मर्यादित राहिले असते. तो कसा जिव्हाळ्याचा होतो, हे पाहण्यासाठी मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडीचा विचार उपयोगी ठरेल. १९५६ साली स्थापन झालेली आणि आज गोवंडी स्थानक मार्गावर असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही देशातील लोकसंख्याशास्त्राचे प्रमुख केंद्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२–९३ मध्ये याच संस्थेच्या नेतृत्वाखाली झाली. पुढे १९९८–९९, २००५–०६, २०१५–१६ आणि २०१९–२१ अशा फेऱ्या झाल्या. संस्थेपासून थोड्याच अंतरावर शिवाजीनगर, बैंगनवाडी यांसारख्या दाट वस्त्या आहेत. कोकण, घाट, मराठवाडा येथून आलेली मराठी कुटुंबे आणि उत्तर भारतातून आलेली हिंदी-उर्दू भाषक कुटुंबे तेथे शेजारी राहतात. मोजणारी विद्या आणि अदमासाने बोलणारी भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात.

सर्वेक्षकाच्या पत्रकात वयासाठी एक चौकट असते व तीत पूर्ण वर्षांचा एकच आकडा लिहावयाचा असतो. ‘वय किती?’ या प्रश्नाला मात्र ‘असेल पस्तीस-चाळीस’ असे उत्तर येते. सर्वेक्षक पस्तीस लिहितो किंवा चाळीस लिहितो. असे लक्षावधी वेळा घडले, की शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर माणसांची गर्दी झालेली दिसते. भारतीय जनगणनेच्या वयविषयक कोष्टकांत ही गर्दी वारंवार आढळलेली आहे. ती मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपल यांचा निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयोगटात कोणत्याही अंकाकडे कल नसेल, तर तो १०० येतो. सर्वांनीच शून्य किंवा पाच या अंकांची वये सांगितली, तर ५०० येतो. संख्याशास्त्र या गर्दीला प्रमाद म्हणते. भाषेच्या बाजूने पाहिले, तर बोलणाऱ्याने कोणताही प्रमाद केलेला नसतो. आपले ज्ञान कोठपर्यंत पोहोचते, हे त्याने जोडसंख्येने प्रामाणिकपणे सांगितलेले असते. प्रमाद घडतो तो जोडसंख्या एकाच चौकटीत कोंबताना.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनुसार २४ महिन्यांच्या मुलग्याचे वजन सुमारे ९.७ किलोच्या खाली असेल, तर त्याची गणना कमी वजनाच्या बालकांत होते. ३० महिन्यांच्या मुलग्यासाठी हीच सीमा सुमारे १०.५ किलो आहे. आता १० किलो वजनाच्या मुलग्याची आई त्याचे वय ‘दोन-अडीच वर्षे’ असे सांगते. चौकटीत २४ महिने लिहिले, तर मूल सीमेच्या वर राहते. ३० महिने लिहिले, तर तेच मूल कमी वजनाच्या गटात जाते. वजनकाटा बदललेला नसतो. ‘दोन-अडीच’ या शब्दाचा अर्थ कसा लावला, यावर मुलाची नोंद ठरते. म्हणूनच अनुभवी सर्वेक्षक स्थानिक घटनांची व सणांची दिनदर्शिका हाताशी ठेवतात आणि ‘गणपतीच्या आधी झाला की दिवाळीनंतर?’ असे विचारून महिना निश्चित करतात. अदमासवाचक प्रयोगांच्या अर्थमर्यादा शोधणे ही गरज येथून स्पष्ट होते.

२. जोडसंख्यांची रचना

अदमासवाचक प्रयोगांत जोडसंख्या सर्वाधिक आढळतात. कोणत्याही दोन संख्या जोडल्या की अदमास तयार होतो, असे मात्र नाही. ‘दोन-तीन’, ‘चार-पाच’, ‘सात-आठ’ या लगतच्या जोड्या होतात. एक संख्या गाळून ‘दोन-चार’, ‘पाच-सात’, ‘आठ-दहा’ याही होतात. ‘तीन-पाच’ ही जोडी याच नियमाने व्हावयास हवी. पण ‘तीनपाच करणे’ या वाक्प्रचाराने ती आधीच व्यापलेली असल्यामुळे अदमासासाठी मोकळी राहिलेली नाही.

दहाच्या पुढे पावले लांब पडू लागतात : दहा-बारा, बारा-पंधरा, पंधरा-वीस, वीस-पंचवीस. तिसापुढे तीस-पस्तीस, पस्तीस-चाळीस अशी पाचाची पावले चालतात, पण चाळीस-पन्नास, साठ-सत्तर अशी दहाची पावलेही सहज पडतात. शंभरानंतर सव्वा, दीड व अडीच या अपूर्णांकांची मदत घेतली जाते : शंभर-सव्वाशे, दीडशे-दोनशे, दोन-अडीचशे. संख्या जसजशी मोठी होते, तसतशी मोजपट्टीवरील रेघांमधील अंतरे वाढत जातात. ही ढोबळ मोजपट्टी भाषेने वापरातून घडविली आहे. जेथे एकेका एककाला महत्त्व असते, तेथे ती पुन्हा बारीक होते. ‘दहा-अकरा माणसे’ असे क्वचितच म्हटले जाते, पण ‘दहा-अकरा वाजता’ हे सहज येते. ‘सोळा-सतरा रुपये’ यापेक्षा ‘सोळा-सतरा वर्षांची मुलगी’ हा प्रयोग अधिक रूढ आहे. घड्याळाचा तास आणि कोवळ्या वयाचे वर्ष यांना व्यवहारात वजन आहे. म्हणून तेथे अदमासही नेमका होतो.

‘आठ-पंधरा दिवस’ हा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. आठ आणि पंधरा यांच्यात सात अंकांचे अंतर असूनही हा प्रयोग ढिला वाटत नाही. ‘आठ-पंधरा रुपये’ असे मात्र कोणी म्हणत नाही. आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे पंधरवडा, ही कालगणना या जोडीच्या मागे उभी आहे. म्हणजे जोडी संख्यांची दिसते, पण प्रत्यक्षात ती मापांची असते. जोडसंख्येचा अर्थ मोजल्या जाणाऱ्या वस्तूपासून वेगळा करता येत नाही, हे सूत्र येथून हाती येते.

जोडीतील क्रमही अर्थपूर्ण असतो. चढता क्रम साधारणतः व्याप्ती सांगतो. उतरता क्रम वक्त्याचा भाव सांगतो. ‘पाच-दहा रुपये लागतील’ या वाक्यात खर्चाचा अंदाज आहे. ‘दहा-पाच रुपयांसाठी भांडता कशाला?’ या वाक्यात रकमेचे क्षुल्लकपण आहे. ‘चार-दोन दिवस’, ‘शे-पन्नास माणसे’ या उतरत्या जोड्यांतही ‘फार नव्हे’ अशी छटा असते. ‘पाच-पंचवीस’ व ‘पाच-पन्नास’ या जोड्या चढत्या असूनही व्याप्ती सांगत नाहीत. तेथे ‘प’काराच्या अनुप्रासाने आणि अंकांमधील मोठ्या अंतराने ‘बऱ्यापैकी पुष्कळ’ एवढाच अर्थ उरतो. अदमासवाचक वर्गाची ही अनिश्चितवाचकाला भिडलेली सीमा होय.

दोन संख्यांपैकी कोणती संख्या अधिक बांधील असते, हा पुढचा प्रश्न. ‘पाच-सहा दिवसांत काम होईल’ या आश्वासनात ऐकणारा सहा हा अंक धरून ठेवतो. ‘पाच-सहा हजार मिळतील’ या आश्वासनात तो पाच धरून ठेवतो. मुदतीत वरची मर्यादा बांधील असते, प्राप्तीत खालची. वयाच्या बाबतीत पूर्ण झालेली वर्षे मोजण्याची रीत असल्यामुळे ‘दोन-अडीच वर्षांचे मूल’ या प्रयोगात ‘दोन पूर्ण झाली आहेत’ हे वक्त्याचे खात्रीचे विधान असते आणि ‘अडीच’ हा अदमास असतो. सर्वेक्षकाने पत्रकात काय लिहावे, हे भाषाभ्यासकाने ठरवावयाचे नाही. परंतु या उत्तरातील दोन्ही अंकांचे वजन सारखे नाही, एवढे त्याने निश्चित सांगावे.

३. प्रत्यय, क्रियारूपे आणि मोजमापाची नामे

‘एक’ हे उत्तरपद प्रत्ययासारखे जोडून दहाएक, वीसेक, पन्नासेक, शंभरेक अशी रूपे होतात. त्यांची अट ठळक आहे : मूळ संख्या पूर्णाकार असावी लागते. ‘सत्तावीसएक’ असे रूप कानाला खटकते. कारण सत्तावीसपर्यंत मोजणाऱ्याने अदमास सोडून गणना पत्करलेली असते. लहान संख्यांत ‘दोनेक तास’, ‘चारेक दिवस’ चालतात. या प्रत्ययाचा रोख संख्येच्या दोन्ही बाजूंना असतो. वीसेक माणसे अठरा असतील किंवा बावीसही. बोलभाषेत ‘एक’ पूर्वपदीही येतो : ‘एक वीस-पंचवीस माणसे असतील.’ येथे जोडसंख्या, ‘एक’ आणि ‘असतील’ हे संभावनार्थी क्रियारूप अशा तीन खुणांनी एकच अदमास व्यक्त झाला आहे. मराठी वक्ता आपली अनिश्चितता लपवीत नाही; तो ती वाक्यभर पसरून ठेवतो.

‘भर’ हा प्रत्यय मापाला जोडला जातो : चिमूटभर, मूठभर, पसाभर, वीतभर, कोसभर. तासभर व दिवसभर यांत मात्र फरक पडतो. ‘तासभर वाट पाहिली’ यात सुमारे एक तास असा अर्थ प्रधान आहे. ‘दिवसभर वाट पाहिली’ यात सबंध दिवस असा. पहिल्यात अदमास, दुसऱ्यात साकल्य. एकाच प्रत्ययाने दोन वर्गांत वावरावे, हे व्याकरणकाराने स्वतंत्रपणे नोंदवावयास हवे.

वयासाठी विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी, सत्तरी, नव्वदी, शंभरी ही नामे आहेत. ‘चाळिशीचा माणूस’, ‘पन्नाशीच्या घरात’, ‘साठी ओलांडली’ या प्रयोगांनी वयाचा अदमास दशकाने सांगितला जातो. ‘चाळिशी’ हे चष्म्याचेही नाव झाले, यावरून हे शब्द केवळ अंक सांगत नसून आयुष्याची अवस्था सांगतात, हे उघड होते. पत्रकातील चौकटीला मात्र अवस्था नको असते, अंक हवा असतो.

संख्येआधी येणाऱ्या शब्दांचेही असेच आहे. ‘सुमारे’, ‘अंदाजे’, ‘साधारण’ हे तटस्थ आहेत. ‘जवळजवळ’ खालून वर पाहते; ‘जवळजवळ शंभर’ म्हणजे शंभराला काही कमी. ‘उणीपुरी पन्नास वर्षे’ यात पन्नास भरली-न भरली असा संकोच आहे. ‘जेमतेम पन्नास’ यात अपेक्षाभंग, ‘तब्बल पन्नास’ यात आश्चर्य, तर ‘चांगली पन्नास’ यात ठासून सांगणे आहे. या तिन्हींत अदमासापेक्षा वक्त्याचे मत बोलते. ‘सुमार’ हा फारसी ‘शुमार’ म्हणजे गणना या शब्दापासून आलेला. मराठीत ‘सुमारे’ म्हणजे अदमासाने, ‘बेसुमार’ म्हणजे अगणित आणि ‘सुमार’ म्हणजे बेताच्या दर्जाचा, असे त्याचे तीन संसार झाले आहेत.

‘शंभरदा सांगितले’, ‘सतराशे साठ भानगडी’ यांतील संख्या या वर्गात घेऊ नयेत. त्यांचे सत्य मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती अतिशयोक्ती आहे. ‘चार लोकांत’, ‘दोन घास’ या प्रयोगांतील संख्याही अंक सोडून संकेत झालेल्या आहेत.

४. इंग्रजीतील अदमास आणि अनुवाद

इंग्रजीतील अशा प्रयोगांचा पद्धतशीर अभ्यास जोआना चॅनेल यांनी ‘व्हेग लँग्वेज’ (१९९४) या ग्रंथात केला आहे. मराठी अनुवादात मात्र हे सारे प्रयोग ‘सुमारे’ किंवा ‘अंदाजे’ या दोन शब्दांत ओतले जातात. त्यामुळे अर्थ निसटतो आणि मराठीची आपली साधनेही वापरावाचून पडून राहतात.

‘सम फिफ्टी’ आणि ‘फिफ्टी-ऑड’ हे दोन प्रयोग घ्यावेत. पहिला पन्नासाच्या दोन्ही बाजूंना मोकळा आहे. त्यासाठी ‘पन्नासेक’ हे रूप चपखल बसते. दुसरा पन्नासाच्या वरच राहतो. तेथे ‘पन्नासेक’ चुकीचे ठरते आणि ‘पन्नासच्या वर काही’ किंवा संदर्भानुसार ‘पन्नास-पंचावन्न’ म्हणावे लागते. ‘अ कपल ऑफ डेज’ याचे ‘एक-दोन दिवस’ हे भाषांतर रूढ आहे. पण त्यात एक हा अंक शिरतो, जो मूळ प्रयोगात नाही. ‘दोनेक दिवस’ किंवा ‘दोन-तीन दिवस’ हे मुळाच्या अधिक जवळचे होत. ‘हाफ अ डझन रायटर्स’ याचे ‘अर्धा डझन लेखक’ असे भाषांतर केले, की लेखक केळ्यांच्या पंक्तीला बसतात. ‘पाच-सहा लेखक’ ही मराठीची रीत. ‘गिव्ह ऑर टेक टेन’ याला ‘दहा इकडे-तिकडे’ हा तयार प्रयोग आहे. ‘बॉलपार्क फिगर’ हा अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानातून आलेला प्रयोग; त्याच्या मैदानाशी मराठीला कर्तव्य नाही, ‘ढोबळ आकडा’ पुरेसा आहे. ‘इन द नेबरहुड ऑफ अ हंड्रेड’ याला ‘शंभराच्या घरात’ हा प्रयोग उत्तम जुळतो. इंग्रजी शेजारपर्यंत येऊन थांबते, मराठी घरात शिरते.

येथे एक दिशादर्शक भेद दिसतो. इंग्रजीत एक पूर्णाकार संख्या घेऊन तिच्याभोवती अदमासाचे शब्द लावण्याकडे कल अधिक आहे. मराठीत दोन संख्यांनी प्रदेश आखण्याकडे कल अधिक आहे. इंग्रजीतही ‘टू ऑर थ्री’ आहे. परंतु ‘दीड-दोन’, ‘दोन-अडीच’, ‘शंभर-सव्वाशे’ यांसारखी सुटसुटीत रूपे मराठीला मिळाली, ती दीड, अडीच, सव्वा, पाऊण या स्वतंत्र शब्दांमुळे. हिंदी-उर्दूतही ‘दो-चार’, ‘दस-बारह’, ‘पचासेक’ अशी रचना असल्यामुळे गोवंडीच्या बाजारात मराठी व हिंदी बोलणाऱ्यांचा अदमास एकमेकांना बिनतक्रार कळतो. अडखळतो तो इंग्रजी वळणावर तयार झालेल्या, एका प्रश्नाला एकच आकडा मागणाऱ्या पत्रकापाशी.

५. नोंदीची एक देशी परंपरा

अदमास नोंदविताना त्याचे अदमासपण टिकविता येते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात आहे. पिकाचा उतारा सोळा आण्यांच्या मानाने सांगण्याची ‘आणेवारी’ही पद्धत १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाल्यावर यथावकाश ‘पैसेवारी’ झाली. तिच्यात नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम असे टप्पे असतात. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली, की त्या गावात टंचाई समजली जाई. दुष्काळविषयक निर्णयांचा हा दीर्घकाळ मुख्य आधार होता. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून मुंबईच्या पूर्व उपनगरांत आलेल्या कुटुंबांना या आकड्याचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नाही. या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ आहेत, आणि ते योग्यही आहेत. तरीही एक गुण मान्य करावा लागतो : ‘नजरअंदाज’ हा शब्द आकड्यासोबत कागदावर राहतो. आकडा पाहणाऱ्याला तो मोजलेला आहे की पाहून सांगितलेला, हे कळते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात. जोडसंख्या, ‘एक’प्रत्ययान्त रूपे, ‘भर’प्रत्ययान्त रूपांपैकी काही आणि वयोदशकाची नामे यांचा ‘अदमासवाचक’ हा स्वतंत्र वर्ग मानणे सयुक्तिक आहे. त्यांना सत्यासत्यतेची कसोटी लागू होते, म्हणून ती अनिश्चितवाचकांपासून वेगळी. ती कसोटी सैल असते, म्हणून गणनावाचकांपासून वेगळी. या प्रयोगांचा अर्थ संख्येवर, मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर, जोडीच्या क्रमावर आणि मुदत की प्राप्ती या प्रसंगावर अवलंबून असतो. अनुवादकाने इंग्रजी प्रयोगाची दिशा आधी ओळखावी व नंतर मराठी साधन निवडावे.

पदव्युत्तर वर्गांत व्याकरणाचा हा भाग शिकविताना विद्यार्थ्यांकडून आपापल्या बोलीतील जोडसंख्यांची यादी करून घेणे सहज शक्य आहे. कोणत्या जोड्या होतात, कोणत्या होत नाहीत आणि कोणती वस्तू बदलली की जोडी बदलते, हे त्यातून स्पष्ट होईल. अशा याद्यांचा उपयोग कोशकाराला होईल, अनुवादकाला होईल, तसाच घरोघर जाऊन वय विचारणाऱ्या सर्वेक्षकालाही होईल. ‘दोन-अडीच’ असे सांगणाऱ्या आईला आपल्या मुलाचे वय माहीत नसते, असा समज करून घेणे सोपे आहे. तिला जेवढे माहीत आहे, तेवढेच ती भाषेच्या नियमाने सांगत असते. ते नियम मांडून ठेवण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांचे आहे.